गरम, जड, धारदार

घरकामाचा रोबो अखेर बाजारात आला. 'वनएक्स' नावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची नोंदणी सुरू केली. नाव निओ. उंची साडेपाच फूट, वजन ३० किलो, अंगावर विणलेला मऊ पोशाख, किंमत २० हजार डॉलर. आपल्या हिशेबात साडेसतरा लाखांच्या आसपास. एकरकमी परवडत नसेल त्यांच्यासाठी महिना ४९९ डॉलरची सोय. म्हणजे चव्वेचाळीस हजार रुपये पगार, जेवणखाण वगळून.

'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या पत्रकार बाईंनी तो आधी वापरून पाहिला. तीन भांडी डिशवॉशरमध्ये लावायला त्याला पाच मिनिटं लागली. घासायला नव्हे, लावायला. कोथरूडच्या कुठल्याही मावशींचं तेवढ्या वेळात चहाचं भांडं, दुधाचं पातेलं आणि रात्रीच्या चार ताटल्या घासून, विसळून, पालथ्या घालून होतात. वर 'वहिनी, परवा मी नाही हां' हे सांगूनही होतं.

पण मला सगळ्यांत आवडली ती त्याची एक अट. गरम, जड किंवा धारदार वस्तूला हा रोबो हात लावणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. रास्तच आहे. फक्त मराठी स्वयंपाकघरातून गरम, जड आणि धारदार वजा करून बघा. तवा गेला. कुकर गेला. फोडणीची पळी गेली, विळी गेली, किसणी गेली, खलबत्ता गेला, दळणाचा डबा गेला. नारळ फोडायचा कोयता तर पहिल्याच फेरीत बाद. उरलं काय? मीठ. आणि कुणीतरी निवडून ठेवलेली कोथिंबीर.

गरम धरणार नाही, जड उचलणार नाही, सुरीला हात लावणार नाही, घरात मात्र मधोमध उभा राहणार. हे वर्णन ओळखीचं वाटत असेल तर नवल नाही. आपल्याकडे ही जात पूर्वापार आहे. तिला जावईबापू म्हणतात, आणि तिच्यासाठीही साधारण एवढाच खर्च येतो.

*

लोकांना रोबोकडून नेमकं काय करून हवंय, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात फेइ-फेइ ली यांच्या गटाने रीतसर विचारलं. १,४६१ लोकांपुढे कामांची भलीमोठी यादी ठेवली. निकाल २०२२ मध्ये छापून आला. यादीत अगदी वर न्हाणीघराची फरशी घासणं आणि त्याच कुळातली कामं; अगदी खाली खेळ. थोडक्यात, बाथरूम तू घास, टेनिस मी खेळतो.

हे शोधायला त्यांना सर्वेक्षण करावं लागलं. आपल्याकडे ही वाटणी फार आधी झाली होती. संडास कोण साफ करणार, हा प्रश्न आपण यंत्राने नव्हे, जातीने सोडवला होता. आणि तो सुटला आहे असं मानून इतकी वर्षं टेनिस खेळलो.

तीच प्रश्नावली डोंबिवली-नाशिक-सांगलीत फिरवली तर यादी थोडी निराळी निघेल. पहिला मान निर्विवाद दुधाचा. दूध तापत ठेवलं आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. दूध उतू जाणं हा एकच अपघात असा आहे, की तो घडताना हमखास एक माणूस दोन फुटांवर उभा असतो. मोबाइल बघत. त्याला नंतर विचारलं तर तो म्हणतो, मी बघतच होतो. तो खोटं बोलत नसतो. तो बघतच होता.

दुसरा नंबर कुकरच्या शिट्ट्यांचा. 'तीन झाल्या की बंद कर' असं सांगून बाई आंघोळीला जाते आणि ओलेत्या केसांनी बाहेर येऊन विचारते, 'किती झाल्या?' या प्रश्नाला महाराष्ट्रात कोणत्याही नवऱ्याने आजवर आकडा दिलेला नाही. 'दोन... की तीन... एक शेजारची होती का?' एवढ्या भांडवलावर वरण शिजतं. इथे रोबो खरोखर कामाचा आहे. त्याला हात नसले तरी चालतील, पाय नसले तरी चालतील, फक्त कान हवेत आणि शेजारची शिट्टी वजा करण्याइतपत गणित.

मग मेथी निवडणं. लसूण सोलणं. हरभरे सोलणं. डब्यांची झाकणं शोधणं. नऊ डबे, अकरा झाकणं आणि एकाचंही कुणाशी जमत नाही, ही समस्या कृत्रिम बुद्धिमत्तेपुढची अंतिम परीक्षा म्हणून ठेवायला हरकत नाही. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन 'पार्किंगचं काय झालं?' असं ओरडून येणं. लग्नात अहेराच्या पाकिटावर नाव घालून ते योग्य हातात देणं आणि जेवायच्या पंगतीत खुर्ची धरून ठेवणं. एका आजींनी सांगितलं, सुनेबद्दल मी काय बोलते ते नीट ऐकून घेणारा हवा, आणि तिच्याबद्दल तिलाच सांगणारा नको. सूनबाईंना विचारलं तर त्यांचीही हीच मागणी निघाली. म्हणजे एका घरात दोन रोबो.

पोळ्यांचं कुणी का म्हणत नाही? म्हणतात की. पोळीचं यंत्र निघून बरीच वर्षं झाली. सिंगापुरात प्रणोती नागरकर यांनी रोटीमॅटिक काढलं. पीठ, पाणी, तेल भरा, खालून गोल फुगलेली रोटी बाहेर. परदेशातल्या मराठी घरांत ते ओट्यावर मानाने बसलेलं दिसतं. भारतातून आलेल्या सासूबाई त्यातली पहिली पोळी हातात घेतात, उलटसुलट बघतात, पदर सुटतोय का ते पाहतात आणि निकाल देतात: 'फुलका छान आहे.' घडीच्या पोळीचा विषय तिथेच मिटतो. ज्यांना मराठी कळतं त्यांना हे कौतुक नाही हेही कळतं.

*

पुरुषांच्या यादीत मात्र एकच काम आहे: बायकोने सांगितलेलं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. यातले ८८ हे जे पुरुष घरात काही करतात त्यांचेच आहेत; जे सोफ्यावरून पाय फक्त केर काढताना वर घेतात, त्यांना यात धरलेलं नाही. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांची नऊ. समानता आली नाही असं कोण म्हणतं?

ऑक्सफर्ड आणि जपानमधल्या ओचानोमिझू विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ तज्ज्ञांना विचारलं, की घरकामातला किती वेळ दहा वर्षांत यंत्रांकडे जाईल. २०२३ मध्ये उत्तर आलं: सरासरी ३९ टक्के. गंमत पुढे आहे. ब्रिटनमधले पुरुष तज्ज्ञ बाई तज्ज्ञांपेक्षा जास्त आशावादी निघाले. जे काम आपण करत नाही, ते सोपं दिसतंच.

*

ते सोपं नाही, हे रोबोवाल्यांना केव्हाच कळलं आहे. हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की मोठ्यांच्या बुद्धीची कोडी संगणकाला सोपी जातात, वर्षाच्या पोराची हालचाल जमत नाही. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बर्कलीच्या रोबोने टॉवेलची घडी घातली. एका टॉवेलला सुमारे पंचवीस मिनिटं. जगज्जेत्याला हरवणं जमलं, पंचा आवरला नाही. जपानमध्ये एका कंपनीने कपड्यांच्या घड्या घालणारं कपाटच काढलं होतं, लॉन्ड्रॉइड नावाचं. २०१९ मध्ये कंपनीचीच घडी विसकटली.

याच हिशेबाने आपल्याकडचे दर बघा. बुद्धिबळ शिकवणाऱ्याला तासाला काय देता आणि फरशी पुसणाऱ्या बाईला महिन्याला काय देता? यंत्राला जे काम सर्वांत अवघड, त्याची माणसाला मजुरी सर्वांत कमी. 'त्यात काय एवढं अवघड आहे' असं आपण ज्या-ज्या कामाबद्दल म्हणतो, त्या-त्या कामापुढे जगभरचे अभियंते हात टेकून बसले आहेत.

मग रोबो शिकणार कसा? तर माणसाकडे बघून. तामिळनाडूत करूर म्हणून शहर आहे. टॉवेल, चादरी, पडदे यांचं. तिथला माल जगभर जातो. तिथे आता काही तरुण कपाळाला कॅमेरा बांधून टेबलापाशी उभे असतात आणि टॉवेलच्या घड्या घालतात. एक घडी, दुसरी घडी, तोच टॉवेल पुन्हा उलगडून तीच घडी. हातांच्या हालचाली टिपायच्या, त्यांवर खुणा करायच्या आणि परदेशी कंपन्यांच्या रोबोंना खाऊ घालायच्या. काही चुकलं, टप्पा राहिला, तर ते चित्रीकरण बाद. जे शहर आजवर टॉवेल निर्यात करायचं, ते आता टॉवेलची घडी निर्यात करतं. टॉवेल निदान धुऊन-धुऊन विरला की पुन्हा विकत घ्यावा लागतो. घडी एकदाच विकली जाते.

*

आणि हे शिकेपर्यंत? तोवर निओला जे येत नाही ते माणूस करतो. म्हणजे असं: ग्राहक वेळ ठरवतो, कंपनीचा माणूस दूर कुठेतरी डोळ्यांवर चष्मा चढवून बसतो, रोबोच्या डोळ्यांनी तुमचं घर बघतो आणि रोबोच्या हातांनी तुमची भांडी लावतो. त्या पत्रकार बाईंनी पाहिलेली ती पाच मिनिटांची तीन भांडीही अशीच लागली होती.

यात फसवणूक नाही, कंपनी उघड सांगते. परंपराही मोठी आहे. १७७० मध्ये केम्पेलेनने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारं यंत्र सादर केलं. आत माणूस दडवलेला असायचा. २०२१ मध्ये टेस्लाने आपल्या रोबोची घोषणा केली तेव्हा मंचावर रोबोचा पोशाख चढवलेला माणूस नाचून गेला. २०२४ मध्ये त्यांच्या सोहळ्यात रोबो पाहुण्यांना पेयं देत होते, गप्पाही मारत होते. नंतर कळलं की मागून माणसं चालवत होती. अडीचशे वर्षांत झालेली प्रगती एवढीच, की माणूस पेटीतून बाहेर आला आणि दुसऱ्या गावी जाऊन बसला.

म्हणजे शेवटी घरात मोलकरीणच आली. फक्त तिला पाणी विचारायला लागत नाही.

निओच्या सोयींमध्ये एक सोय अशी, की घरातली माणसं त्या दूरच्या चालकाला पुसट दिसतील असं करता येतं. तो भांडी बघणार, माणसं बघणार नाही. कल्पना चांगली, पण नवी नाही. आपल्याकडे ही सोय उलट्या बाजूने कधीपासून चालू आहे. दहा-दहा वर्षं मावशी घरात येतात, त्यांना आपल्या डब्यातल्या डाळीची पातळी माहीत, सासऱ्यांच्या गोळ्या माहीत, कुठल्या कप्प्यात काय ते माहीत. आणि आपल्याला? आडनाव विचारून बघा. 'अहो, त्या... आपल्या मावशी.' मोबाइलमध्ये नंबर 'बाई भांडी' नावाने असतो. त्याच्या खाली 'बाई पोळी', त्याच्या खाली 'बाई भांडी जुन्या'.

शिवाय बाईंबद्दलची आपली खरी तक्रार वेगळीच असते: इकडचं तिकडे करतात. आपल्याकडे काय चाललंय ते ब विंगमध्ये कळतं. यंत्राचं तसं नाही, असा आपला समज. डिसेंबर २०२२ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने एक बातमी छापली. रूम्बा हा केर काढणारा रोबो. त्याच्या चाचणीतल्या यंत्रांनी (बाजारात विकलेल्या नव्हे, करारावर सही केलेल्यांच्या घरातल्या) काढलेले फोटो खुणा करायच्या कामासाठी व्हेनेझुएलात गेले. तिथल्या कामगारांनी ते आपसांतल्या गटांवर टाकले. त्यात एक बाई संडासात बसलेली होती. मावशींची झेप फार तर ब विंग. केरसुणीने घरची गोष्ट व्हेनेझुएलाला पोचवली.

त्या रूम्बाचंही पुढे बरं झालं नाही. २००२ पासून घरोघरी केर काढणाऱ्या रूम्बाच्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती तिचं यंत्र बनवून देणाऱ्या चिनी कंपनीच्या हाती निघाली. मालकाचं घर शेवटी कामवालीच्या नावावर. असं आपल्याकडे फक्त मालिकेत होतं.

*

मध्यमवर्गाला रोबो का हवा, याचं प्रामाणिक उत्तर एका शब्दात आहे: खाडा.

रोबो खाडा करत नाही. त्याच्या बहिणीच्या दिराचं लग्न नसतं. तो गावी जत्रेला जात नाही, दिवाळीला बोनस मागत नाही, 'शेजारच्या ताई दोनशे जास्त देतात' असं ओटा पुसता-पुसता हळूच म्हणत नाही. असं आपण म्हणतो. निओची बॅटरी चार तास टिकते. मग तो चार्जिंगला बसतो. म्हणजे चार तास काम आणि विश्रांती, रोजच्या रोज, हक्काने. त्याला कुणी खाडा म्हणत नाही. त्याला वॉरंटी आहे. कंपनीकडून दुरुस्ती आहे. तो आजारी पडला तर माणूस येतो. मावशी आजारी पडल्या तर निरोप येतो, आणि निरोपावर आपला विश्वास बसत नाही.

पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला होता. त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि सुट्टी, मागण्या एवढ्याच. तेव्हा पुण्यातल्या किती घरांत पहिल्यांदाच कळलं असेल की आपली भांडी एकूण आहेत तरी किती. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. वयाची ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदणीकृत बाईला १० हजार रुपये सन्मानधन मिळायची योजना आली. घरकामगारांच्या हक्कांचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून मान्य केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की या लोकांसाठी कायदा करता येतो का ते समिती नेमून बघा. दोन महिन्यांत बाजाराने आपलं उत्तर दिलं: मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत बाई घरपोच देण्याची सेवा काढली, सुरुवातीची सवलत तासाला ४९ रुपये. नाव होतं 'इन्स्टा मेड्स'. ओरड झाली. कंपनीने तातडीने सुधारणा केली. नाव बदललं.

४९ रुपये. वडापाव दोन, चटणी जास्त मागितली तर.

*

मुलगा न्यूजर्सीत, आईवडील सदाशिव पेठेत. दिवाळीला मुलगा केर काढणारा रोबो पाठवतो. गोल, काळा, चपटा. त्याला आधी नकाशा शिकवायचा असतो. तो निघतो, दिवाणखाना काढतो, पायपुसणीवर चढतो, ती घेऊन फिरतो, गालिच्याच्या झालरीत अडकतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. जुन्या घराचा दगडी उंबरा. सहा महिन्यांपूर्वी याच उंबऱ्याला ठेचकाळून बाबांचा गुडघा सुजला होता, त्यामुळे त्यांना त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. ते त्याला उचलून पलीकडे ठेवतात. मग तो परत येताना पुन्हा उचलतात. आई म्हणते, 'अहो, त्यापेक्षा केरसुणी घेतली असतीत.' रोबो चालवायचा तर आधी जमीन मोकळी हवी: चपला, वायरी, स्टूल, वर्तमानपत्रं, सगळं वर. ते वर कोण ठेवतं? मावशी. रोबोसाठी घर आवरायचे मावशींनी अजून वेगळे पैसे लावलेले नाहीत, पण त्यांच्या लक्षात आलं आहे असं आईला वाटतं.

हे फक्त सदाशिव पेठेचं दुःख नाही. जपानने वृद्धसेवेच्या रोबोंवर भरपूर पैसा लावला. जेम्स राइट नावाच्या मानवशास्त्रज्ञांनी तिथल्या एका वृद्धाश्रमात जाऊन पाहणी केली आणि २०२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाला उचलणारं यंत्र, लाडाने कुरवाळायचा यांत्रिक सील, व्यायाम घेणारा 'पेपर' नावाचा रोबो. निष्पन्न असं, की रोबोंनी काम कमी केलं नाही. रोबोंना हलवायचं, पुसायचं, चालू करायचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे काम वाढलं. उचलणारं यंत्र तर कर्मचाऱ्यांनी लवकरच कोपऱ्यात ठेवलं. त्याला ढकलत खोलीखोलीत नेण्यापेक्षा आजोबांना हात देणं त्यांना सोपं वाटत होतं.

*

या सगळ्यात एका पक्षाला कुणी विचारतच नाही. म्हणून विचारलं. दुपारची भांडी चालू होती. एका हातात तारेची घासणी, दुसऱ्या हातात कढई, नळ बारीक सोडलेला.

'मावशी, समजा तुमच्या घरी काम करायला एक रोबो दिला, तर त्याच्याकडून काय करून घ्याल?'

'म्हंजे मशीन?'

'हो. माणसासारखं. हातपाय असलेलं.'

'फुकट?'

'समजा फुकट.'

त्यांनी कढई पालथी घातली. 'रेशनला पाठवीन.'

मला वाटलं धान्य उचलायला. तसं नव्हतं. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावायचा असतो. यांचा अंगठा लागत नाही. भांड्यांच्या पावडरीने आणि तारेने बोटांच्या रेषा घासून गेल्या आहेत. त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. टोकाशी कातडी पांढरी, चरबरीत, मध्ये एक उभी चीर, तिच्यात काळं बसलेलं. रेषा म्हणाव्यात अशा कडेला दोन-चार. मशीन लाल दिवा दाखवतं, दुकानदार म्हणतो, पुसून लावा. पुसून लावतात. दुसरं बोट लावा. लावतात. मग, उद्या या. उद्या यायचं तर इकडे खाडा, आणि इकडे खाडा तर आम्ही रोबो मागणार.

'त्याची बोटं नवी असतील ना?' मावशी म्हणाल्या. 'लागतील पटकन.'

मी म्हटलं, त्याच्या बोटांना रेषाच नसतात.

'मग काय उपयोगाचा तो,' म्हणत त्यांनी नळ मोठा केला.

*

तरीही तो येणार. आज ना उद्या, हप्त्यावर का होईना, एखाद्या फ्लॅटमध्ये येणारच. ज्या टॉवरमध्ये तो येईल तिथल्या सभेत पहिला विषय निघेल तो लिफ्टचा. अशा पुष्कळ ठिकाणी दोन लिफ्ट असतात. पुढची सभासदांची. मागची सामान, कचरा, कुत्री आणि घरकाम करणाऱ्या बायकांची.

रोबो कुठल्या लिफ्टने जाणार? खजिनदार म्हणतील, कामाला आहे तर मागच्या. मालक उठून उभे राहतील: साडेसतरा लाखांची वस्तू आहे, मागच्या लिफ्टमध्ये ओल्या कचऱ्याचं पाणी सांडलेलं असतं, काही झालं तर सोसायटी भरून देणार का? चिटणीस सुचवतील, पाळीव प्राण्यांचा नियम लावू. 'ठाकरे काकूंचा लॅब्रॅडॉर मागच्याच लिफ्टने जातो' अशी नोंद होईल. काकू उठून सांगतील की आपण ठाकरे नसून ठाकूर आहोत आणि लॅब्रॅडॉर वारून वर्ष झालं. अध्यक्ष शांतपणे तोडगा काढतील. ठराव असा: रोबोस पुढील लिफ्ट वापरण्यास परवानगी देण्यात येत आहे.

सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारेल, बॅटरी संपून तो लिफ्टमध्येच बसला तर त्याला उचलून घरात कोण नेणार?

'मावशी आहेत की.'

'पण त्यांना पुढची लिफ्ट नाही ना.'

ठरावात एक उपकलम वाढेल: असे प्रसंगी मावशींनी मागील लिफ्टने वर येऊन रोबोस पुढील लिफ्टच्या दारात उतरवून घ्यावे. लिफ्टच्या आत पाऊल ठेवू नये.